हिरव्या माशीने झुरळाला मिशी धरून नेलं आणि ते मुकाट चालत गेलं

कातरवेळ | ११ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, काल दुपारी जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा. जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला लवकर हवंय.

मागच्या दाराच्या पायरीशी एक मोठं तांबडं झुरळ उभं होतं. भरदुपारी, लख्ख उजेडात. पुढचा पाय तोंडातून ओढून साफ करायचं, मग एक मिशी वाकवून तोंडातून काढायचं, परत पाय, परत मिशी. मी चप्पल उचलली तरी हललं नाही. झुरळ म्हणजे आपली सावली पडली तरी पळतं ना, हे मात्र साफसफाईत इतकं गुंग की मीच हात खाली घेतला. तेवढ्यात कुठूनतरी एक हिरवी माशी आली, मोराच्या मानेसारखी चकाकणारी, मागच्या पायांच्या मांड्या लालभडक, झुरळापेक्षा बरीच लहान. ती सरळ झुरळाच्या तोंडासमोर गेली, जबड्याने त्याची एक मिशी मधोमध कापली, मग दुसरी, आणि कापल्या जागी जो थेंब आला तो प्यायली. झुरळ उभंच. मग तिने उरलेलं थोटूक धरलं आणि उलटी चालायला लागली आणि ते मागोमाग निघालं, सहाच्या सहा पायांवर, न अडखळता, दावं धरून गाय न्यावी तसं!

पायरीखाली एक भेग आहे, त्यात दोघं गेली. थोड्या वेळाने माशी एकटी बाहेर आली आणि खडे, काटक्या, मातीची ढेकळं आणून भेग बुजवायला लागली. एक खडा बसेना तर तो फिरवून फिरवून बसवला. अर्धा तास मी उकिडवी बसून बघत होते.

प्रश्न असा की ते झुरळ आत जिवंत आहे का? पळायला पाय होते, कुणी बांधलं नव्हतं, मग गेलं का? आणि मी ती भेग फोडून त्याला बाहेर काढू का? झुरळ आहे, मान्य आहे, एरवी मीच मारलं असतं. पण हे वेगळं वाटतंय.

---

सूक्ष्मदर्शी | ११ जून, रात्री १०.२५

कातरवेळ, हे डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. ती ॲम्प्युलेक्स कॉम्प्रेसा, इंग्रजीत एमराल्ड ज्वेल वास्प म्हणतात, गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली पण पोळं न करता एकटी राहणारी. झुरळ जिवंत आहे.

तुम्ही पोचायच्या आधी दोन डंख झालेले असणार. पहिला छातीत, पुढच्या पायांना हुकूम देणारी जी चेतातंतूंची गाठ असते तिथे, त्याने पुढचे पाय दोन-तीन मिनिटं लुळे पडतात. हे फक्त एवढ्याचसाठी की झुरळाला मान झाकता येऊ नये. मग दुसरा डंख मानेच्या मऊ कातडीतून वर, थेट मेंदूत. आणि मेंदूतसुद्धा कुठेही नाही. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठात फ्रेडरिक लिबरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीच्या विषाला किरणोत्सारी खूण लावून २००३ मध्ये दाखवलं की विष नेमकं चालण्याच्या सुरुवातीशी संबंध असलेल्या भागांतच पडतं. पुढे त्यांनी काही झुरळांचा मेंदू आधीच काढून टाकला आणि मग माशी सोडली, तर ती नांगी आत घालून कितीतरी जास्त वेळ चाचपडत राहिली. म्हणजे नांगीच्या टोकाला स्पर्श कळतो, ती आत मेंदू शोधते आणि सापडला की मगच विष सोडते. हे वाचलं तेव्हा मी तो संशोधनाचा पेपर खाली ठेवून नुसता बसून राहिलो होतो.

तुम्ही बघितलेली साफसफाई हा विषाचाच परिणाम. विषात डोपामाइन, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, असतं आणि त्यामुळे झुरळ अर्धा तासभर स्वतःला साफ करत राहतं, तेवढ्या वेळात माशी बीळ शोधून येते. नंतरचा परिणाम जास्त खोल आहे. झुरळाला लकवा होत नाही, पाय शाबूत, उलटं पडलं तर सरळ होतं, ओढलं तर चालतं. फक्त आपणहून चालायला *सुरुवात* करता येत नाही. पळावं ही उर्मीच मावळते. लिबरसाटांच्या गटाने अशा झुरळांना ऑक्टोपामाइनसारखं (हेही किड्यांच्या मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) काम करणारं द्रव्य टोचलं तेव्हा ती थोडीफार परत आपणहून चालायला लागली.

भेगेबद्दल: अंडं न घालता नुसतं डंख मारलेलं झुरळ सोडून दिलं तर आठवडाभरात सावरतं. पण तुमच्या झुरळाच्या मधल्या पायाच्या मुळाशी आता अंडं चिकटवलेलं असणार. दोन-तीन दिवसांत अळी निघेल, आधी बाहेरून रस पिईल, मग आत शिरेल आणि शेवटी त्याच्या रिकाम्या कवचातच कोष करेल. तुम्हाला खोटं बरं वाटावं असं काही लिहू शकत नाही.

---

अळीमिळी | ११ जून, रात्री ११.०२

मला रडू आलं वाचून, खरंच. मी झुरळाला जाम घाबरते तरी. त्याला वेदना होत असतील का हो? म्हणजे कळत असेल का की आपल्याला खातायत आणि आपण उठत नाहीयोत?

आणि ते मुंग्यांचं असतं ना, बुरशी मेंदूत शिरते आणि मुंगीला झाडावर चढवते, ते असंच का? मी त्याचा व्हिडिओ बघितला होता, डोक्यातून देठ बाहेर आलेला, त्यानंतर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

---

सूक्ष्मदर्शी | १२ जून, सकाळी ७.१५

वेदनेबद्दल मी ठामपणे काही बोलणार नाही. पण तुमच्या आधी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी डार्विनला हाच त्रास झाला होता. जिवंत अळीच्या आत राहून तिला खाणाऱ्या इक्न्यूमन माश्या बघून दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हे मुद्दाम निर्माण केलं असेल हे मनाला पटत नाही, असं त्याने १८६० मध्ये एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्रात लिहिलं होतं. तेव्हा तुमचं रडू जुनं आणि खरं आहे.

मुंगीचं मात्र बरोबर उलटं निघालं. ती बुरशी म्हणजे ऑफिओकॉर्डिसेप्स. सगळे धरून चालले होते की ती मेंदूत बसून मुंगी चालवते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी बाधित मुंग्यांचे अतिपातळ काप घेऊन, हजारो चित्रं कॉम्प्युटरवर जोडून आतला नकाशा केला. डोकं, छाती, पोट, पाय सगळीकडे बुरशीच्या पेशी, स्नायूंच्या तंतूंभोवती जाळं विणलेलं, त्या पेशी एकमेकींना जोडलेल्या. आणि मेंदूत? नाही. मेंदू तसाच ठेवलेला. बुरशी बाहेरून रसायनं सोडून मेंदूवर परिणाम करत असेल असा अंदाज आहे, पण आत शिरून बसलेली नाही.

थायलंडच्या जंगलात मोजमाप केलंय त्याचं. या मुंग्या राहतात उंच झाडांच्या शेंड्यात. बाधा झालेली मुंगी खाली येते आणि जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटरवर, पानाच्या खालच्या बाजूला, शीर जबड्यात धरून चावा घेते, बहुतेक चावे दुपारी बाराच्या आसपासचे. तिथे आर्द्रता ९४-९५ टक्के, तापमान २० ते ३० अंश, बुरशीला हवं तेच. जबड्याचे स्नायू असे झिजतात की चावा सुटत नाही. मुंगी मरते, काही दिवसांनी मानेमागून देठ येतो आणि बीजाणू खाली पडतात, जिथून बाकीच्या मुंग्या ये-जा करतात. जर्मनीत मेसेल इथे पानाचा एक जीवाश्म मिळालाय ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, शिरेवर अगदी तसेच चाव्याचे व्रण असलेला.

---

आडवाट | १२ जून, सकाळी ९.५०

चर्चा छान चाललीय पण मला एक गोष्ट खटकते ती आत्ताच मांडतो, नंतर धागा झॉम्बी झॉम्बी करत जातो. "परजीवी किड्याला नाचवतो" असं म्हटलं की वाटतं आत कुणीतरी ड्रायव्हर बसलाय. नीट बघितलं तर यातली एकही वागणूक नवीन नाहीये. झुरळ स्वतःला साफ करतंच रोज. मुंगी चावतेच. किडा रात्री एका जागी गप्प बसतोच. परजीवी काहीही शिकवत नाही, किड्याकडे जी बटणं आधीपासून आहेत त्यातलं एक चुकीच्या वेळी दाबतो किंवा दाबून धरतो.

यकृतात राहणाऱ्या लॅन्सेट फ्लूक या चपट्या कृमीचं घ्या. गोगलगाय, मग मुंगी, मग मेंढी किंवा गाय असा त्याचा प्रवास. गोगलगाईच्या चिकट गोळ्यांतून मुंगीच्या पोटात बरेच जातात, त्यातला साधारण एकच डोक्यात जाऊन बसतो. मग संध्याकाळी गारवा आला की मुंगी गवताच्या टोकाला चढते, जबडा आवळते आणि तशीच राहते, गुरं चरायला येतात तेव्हा पोटात जायला तयार. पण ऊन तापलं की तीच मुंगी जबडा सोडते, खाली उतरते आणि इतर मुंग्यांसारखी कामाला लागते! कोपनहेगन विद्यापीठाच्या दोघांनी जंगलातल्या मुंग्यांना रंगाचे ठिपके लावून रात्रंदिवस पाळत ठेवली आणि २०२३ मध्ये छापलं की हे चालू-बंद होणं प्रामुख्याने तापमानावर आहे. दुपारच्या उन्हात टोकावर राहिली असती तर भाजून मेली असती आणि फ्लूकही गेला असता. आणि डोक्यातला जो एक फ्लूक असतो ना, तो मेंढीच्या पोटात पुढे जगत नाही, त्याच्याभोवती कवचच नसतं. पोटातले बाकीचे पुढे जातात.

---

अळीमिळी | १२ जून, सकाळी १०.१०

म्हणजे तो एकटा भावंडांसाठी मरतो?? आणि मुंगीला दिवसा काही आठवतही नसेल...

---

शिवारातून | १२ जून, दुपारी १.३०

शेतकरी माणूस, तुमच्यासारखं पेपरचं वाचलेलं नाही पण हाताखालचं सांगतो. हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी आम्ही एचएएनपीव्ही फवारतो, अळीचा विषाणू असतो तो. फवारल्यावर पहिले दोन-तीन दिवस काही दिसत नाही, नवीन माणूस म्हणतो पैसे गेले. मग सकाळी रानात गेलं की झाडाच्या अगदी शेंड्याला अळ्या उलट्या लटकलेल्या, मागच्या पायांनी धरून डोकं खाली, काळ्या पडलेल्या, फुगलेल्या. बोट लावलं की फुटते आणि पातळ पांढरट-तपकिरी पाणी खालच्या पानांवर ओघळतं. ते पाणी ज्या अळीने खाल्लं ती गेली. आम्ही तर अशा मेलेल्या अळ्या गोळा करून, पाण्यात चुरून, गाळून परत फवारतो.

वीस वर्षं बघतोय पण शेंड्याला जाऊनच का मरतात हे कधी डोक्यात आलं नव्हतं. निरोगी अळी तर घाट्यात डोकं घालून बसलेली असते.

---

सूक्ष्मदर्शी | १२ जून, दुपारी ३.०५

शिवारातून, तुमचा प्रतिसाद दहा पेपरांच्या तोडीचा आहे. शेंड्याला गेली तरच ते पाणी खालच्या सगळ्या पानांवर ओघळणार, तळाशी मेली तर मातीत जाणार. जर्मन वनपालांनी १९व्या शतकातच याला "शेंड्याचा रोग" अशा अर्थाचं नाव दिलं होतं.

जंगलातल्या एका पतंगाच्या अळीवर, लिमँट्रिया डिस्पर तिचं नाव, २०११ मध्ये काम झालं. ती निरोगी असताना रात्री वर जाऊन पानं खाते आणि दिवसा पक्ष्यांच्या भीतीने खाली लपते. तिच्या विषाणूत ईजीटी नावाचं एक जनुक आहे, ते अळीचं कात टाकण्याचं संप्रेरक निकामी करतं. संशोधकांनी ते जनुक काढलेला विषाणू दिला तर अळ्या मेल्या पण खालीच मेल्या. एक जनुक काढलं आणि चढणं गेलं!

पण तुमच्या घाटे अळीत गोष्ट वेगळीच निघाली. २०२२ मध्ये चीनमधल्या गटाने दाखवलं की विषाणू तिच्या *दृष्टीच्या* जनुकांचं काम वाढवतो, ती उजेडाकडे जास्त ओढली जाते आणि रानात उजेड वरच्या बाजूला म्हणून वर चढते. प्रयोगात दिवा खाली लावला तर बाधित अळ्या वर चढत नाहीत. म्हणजे आडवाट म्हणतायत तेच, "वर चढ" असा हुकूम नाहीच, उजेड आवडण्याचं जुनं बटण जास्त जोरात दाबलंय.

---

शिवारातून | १२ जून, दुपारी ३.२०

म्हणजे आंधळी केली तर चढणार नाही?

---

सूक्ष्मदर्शी | १२ जून, दुपारी ३.३२

जवळपास तेच केलं त्यांनी. उजेड ओळखणारी जनुकं बंद केल्यावर बाधित अळ्यांचं चढणं कमी झालं.

---

रानवेडी | १२ जून, रात्री ८.४५

पाण्याचा विषय निघेल म्हणून दिवसभर वाट बघत होते, आता मीच काढते. चार वर्षांपूर्वी सिमेंटच्या हौदात एक मोठी प्रार्थनाकीटक मादी पडलेली दिसली. प्रार्थनाकीटक पाण्यात कशाला जाईल, उडता येतं तिला. बुडतेय म्हणून काडीने उचलायला गेले तर तिच्या पोटाच्या टोकातून काळी तार लोंबत होती. मला खरंच तार वाटली. मग ती तार हलली. रिळातून दोरा सुटावा तशी वेटोळी काढत, सावकाश, बाहेर येत राहिली, चांगली वीतभर, जाडीला शिवणाच्या दोऱ्याहून थोडी जास्त. एवढं सगळं त्या बोटाएवढ्या पोटात घडी घालून बसलेलं होतं! पूर्ण सुटल्यावर ते पाण्यात स्वतःच्याच गाठी मारत गेलं. मादीला मी कठड्यावर ठेवलं, पोट चपटं झालेलं, पण ती जिवंत होती आणि पुढचा पाय चाटून वाळवत होती. संध्याकाळी परत गेले तर तिथे नव्हती.

नंतर कळलं की हा केसकृमी, गोर्डियस वर्गातला. अंडी पाण्यात, तिथून पाण्यातल्या किड्यांच्या पिल्लांत, ते पंख फुटून बाहेर उडाले की त्यांना प्रार्थनाकीटक किंवा रातकिडा खातो आणि कृमी आत वाढतो. पण पिल्लं घालायला त्याला परत पाणीच लागतं, म्हणून यजमानाला पाण्यात उडी मारायला लावतो. पूर्वी युरोपात लोक समजायचे की घोड्याचा केस पाण्यात पडला की जिवंत होतो, मी ती तार बघितली असल्यामुळे मला ते अजिबात वेडेपणाचं वाटत नाही.

---

आडवाट | १२ जून, रात्री ९.३०

रानवेडी, फार सुंदर लिहिलंत. "पाण्याकडे जा" हा हुकूम तरी कसा देतो ते आता कळायला लागलंय. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याच्या लहरी आडव्याच डोलतात. आपल्याला तो फरक दिसत नाही, कीटकांना दिसतो. जपानमध्ये २०२१ साली दाखवलं गेलं की कृमी असलेले प्रार्थनाकीटक अशा प्रकाशाकडे ओढले जातात, बिनबाधेचे नाही. आणि पुढचा भाग वाचून मला वाईट वाटलं. डांबरी रस्त्यावरूनही तसाच प्रकाश परततो. २०२४ मध्ये त्याच गटातल्या लोकांनी नोंदवलं की बाधित प्रार्थनाकीटक डांबरी रस्त्यावर चालत येतात. तिथे पाणी नाही. चिरडून किंवा सुकून दोघंही मरतात, कृमीही आणि यजमानही. ड्रायव्हर असता तर रस्ता ओळखला असता ना.

त्याच कृमीत २०२३ मध्ये १४०० च्या वर जनुकं सापडलीत जी प्रार्थनाकीटकाच्या जनुकांशी जुळतात, बहुधा त्याच्याकडूनच घेतलेली. आतल्या आत यजमानाच्याच प्रथिनांसारखी प्रथिनं बनवायची सोय.

---

रानवेडी | १२ जून, रात्री ९.४८

रस्त्यावरचे प्रार्थनाकीटक मी कितीदा उचलून बाजूला ठेवलेत, ऊन खायला बसलेत असं वाटायचं...

आणि एक राहिलंच. जपानमधल्या एका ओढ्यात ताकुया सातो यांनी मोजलं होतं, तिथल्या ट्राउटच्या गोतातल्या 'चार' (char) नावाच्या माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेतली साधारण ६० टक्के ही कृमींनी पाण्यात पाडलेल्या रातकिड्या-नाकतोड्यांतून येते. म्हणजे हा कृमी नसेल तर मासेच उपाशी. मी कृमीचा राग करणं सोडलं ते हे वाचल्यावर.

---

जुनीवही | १३ जून, सकाळी ६.२०

मी फक्त वाचत असते, आज लिहिते. माझी आजी कीटकभृंगन्याय सांगायची. कुंभारीण माशी अळी पकडून मातीच्या घरट्यात कोंडते, बाहेरून गुणगुणते, आत ती अळी भीतीने माशीचाच ध्यास घेते आणि ध्यासाने शेवटी माशीच होऊन बाहेर पडते. अवधूताच्या चोवीस गुरूंत हा कीटकही आहे. लहानपणी मी भिंतीवरच्या त्या मडक्याला कान लावून बसायचे. कातरवेळ यांचं वाचताना एकदम लक्षात आलं की आजीने सांगितलेलं दृश्य हेच आहे, नाही का? डंख, ओढत नेणं, दार लिंपणं, आणि काही आठवड्यांनी दार फोडून बाहेर येणारी माशी.

---

सूक्ष्मदर्शी | १३ जून, सकाळी ८.००

जुनीवही, अंगावर काटा आला. ज्या कुणी हे पहिल्यांदा सांगितलं त्याचं निरीक्षण किती बारीक होतं बघा. अळी आत जाते, दार बंद होतं, माशी बाहेर येते, यातलं एकही अक्षर चूक नाही. फक्त बंद दाराआड काय झालं ते दिसत नव्हतं. कुंभारीण अंडं घालते आणि डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या त्याच्यासाठी भरून ठेवते. काटेकोर बघायचं तर ती परजीवी नाही, शिकारी आहे, कारण तिचं एक पिल्लू अनेक अळ्या खातं. आणि अळीच्या वागण्याचा ती काही उपयोग करून घेत नाही, फक्त गप्प करते. ज्वेल वास्प एक पाऊल पुढे जाते, तिला झुरळ उचलवत नाही म्हणून ती त्याला चालवत नेते.

आणि आत काय चालतं त्यातली एक गोष्ट कातरवेळ यांच्यासाठी. झुरळ म्हणजे जिवाणूंचं आगर, अळी त्याच्या आत राहणार, अन्न सडलं तर तीही मेली. २०१३ मध्ये जर्मनीत झुरळाच्या अंगाला पारदर्शक खिडकी करून बघितलं तर अळी तोंडातून थेंब सोडून आतला भाग निर्जंतुक करत होती, मेलीन आणि मायक्रोमोलाइड अशी दोन द्रव्यं त्यात मिळाली.

---

अळीमिळी | १३ जून, सकाळी ११.४०

एक शंका. कोळ्यांना पण असं होतं ना, माशीची अळी त्यांच्याकडून वेगळंच जाळं विणून घेते? त्या कीटकाबद्दल कुणीच लिहिलं नाही.

---

सूक्ष्मदर्शी | १३ जून, दुपारी १२.०५

होतं, कोस्टा रिकात विल्यम एबरहार्ड यांनी २००० मध्ये छापलेलं काम आहे. मरायच्या आदल्या रात्री कोळी नेहमीचं गोल जाळं न विणता थोडेच जाड दोर विणतो आणि अळी त्याला खाऊन तिथे कोष टांगते. पण कोळी कीटक नाही, आठ पायांचा. इथेही ते दोर म्हणजे नेहमीच्या जाळ्याच्या सुरुवातीचाच टप्पा, तोच पुन्हापुन्हा.

---

आडवाट | १३ जून, रात्री १०.१५

आता दुसऱ्या बाजूने एक मुद्दा, कारण मी बटणं बटणं करत बसलो आणि त्यातून असं वाटेल की बाधित किडा जे काही वेगळं करतो ते सगळं परजीवीच्याच फायद्याचं. तसं नाही. बंबलबी म्हणजे मोठी केसाळ मधमाशी, तिच्या पोटात कोनोपिड माशी अंडं घालते. स्वित्झर्लंडमध्ये नव्वदच्या दशकात यावर दोन कामं झाली. पहिल्यात दिसलं की बाधित मधमाश्या रात्री पोळ्याच्या उबेत न जाता बाहेर थंडीत राहतात, थंडीने आतल्या अळीची वाढ मंदावते आणि मधमाशी जास्त दिवस जगते. हा मधमाशीचा डाव, परजीवीच्या विरुद्ध. दुसऱ्यात दिसलं की मरायच्या आधी तीच मधमाशी जमीन उकरून स्वतःला पुरून घेते, आणि आतला कोष मातीत हिवाळा सुखरूप काढतो. हा परजीवीचा डाव. एकाच शरीरात दोघांची ओढाताण, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही "विचित्र वागणं".

लाल, ठिपकेवाल्या ढालकिड्याचंही असंच, म्हणजे लेडीबर्ड. डायनोकॅम्पस माशीची अळी त्याच्या पोटातून बाहेर पडून त्याच्याच पायांमध्ये कोष विणते आणि तो वर बसून थरथरत राखण करतो. २०१५ मध्ये कळलं की माशी अंड्यासोबत एक विषाणूही सोडते आणि तो लेडीबर्डच्या मेंदूत शिरतो, म्हणजे परजीवीचाही हस्तक वेगळा. आणि एवढं सगळं होऊन साधारण चौथा हिस्सा लेडीबर्ड बरे होतात. कातरवेळ यांच्या झुरळालाही सुरुवातीला संधी असते. २०१८ मध्ये केनेथ कॅटानिया यांनी स्लो मोशनमध्ये दाखवलं की झुरळ माशी दिसली की पाय ताठ करून उंच होतं आणि मागच्या काटेरी पायाने तिच्या डोक्यावर लाथ हाणतं. जी लढतात त्यातली बरीच सुटतात.

---

सूक्ष्मदर्शी | १४ जून, सकाळी ७.३०

आडवाट, मान्य. आणि मेंदूत न शिरताही बटण दाबता येतं याची माझ्या मते सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे प्लेगची पिसू. १९१४ मध्ये लंडनमध्ये बेकट आणि मार्टिन यांनी दाखवलं की प्लेगचे जिवाणू पिसूच्या जठराच्या तोंडाशी गुठळी करून वाट बंद करतात. पिसू चावते, रक्त आत जात नाही, भूक तशीच, परत चावते, आणि दर चाव्याला अडलेलं रक्त जिवाणूंसकट उलटं चावलेल्या प्राण्यात ढकललं जातं. मेंदूला हातही लावलेला नाही, फक्त भूक मिटू दिली नाही.

आणि फळमाशीवरची एन्टोमॉफ्थोरा बुरशी, ती मात्र खरोखर मेंदूत जाते. बाधित माशी सूर्यास्ताच्या सुमाराला उंच जागी चढते, सोंड टेकवते, ती चिकटते, मग पंख वर उचलले जातात आणि ती मरते, रात्रभर बीजाणू उडतात. कॅरोलिन एलिया यांच्या गटाने २०२३ मध्ये अशा चढणाऱ्या माशीचं रक्त काढून दुसऱ्या माशीला टोचलं तर तीही जास्त चालायला लागली. म्हणजे रक्तातच काहीतरी होतं.

---

कातरवेळ | १४ जून, रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार. मी भेग फोडली नाही. खरं सांगायचं तर काल रात्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेले होते. पहिला खडा निघाला. मग जुनीवही यांच्या आजीचं आठवलं, आणि हे पण आठवलं की बाहेर काढून मी त्याला पळवू शकणार नाही, फक्त उजेडात आणून ठेवणार. खडा परत लावला. तिच्यासारखा बसला नाही.

---

जुनीवही | १५ जून, सकाळी ६.०५

कान लावून बघितलंस का गं?

---

कातरवेळ | १५ जून, सकाळी ६.४०

लावला. काही ऐकू आलं नाही.

---

कातरवेळ | २३ जुलै, सकाळी ८.२०

धागा वर काढतेय. आज सकाळी पायरीवर माती सांडलेली दिसली. मी लावलेला खडा बाजूला पडलेला आणि भेगेला गोल भोक. कडेला एक हिरवी माशी बसली होती, पंख अजून नीट न सुटलेले, मिशा सारखी पुसत होती. पुढच्या पायाखालून एक मिशी काढायची, मग दुसरी, अगदी त्या झुरळासारखी. दहा मिनिटं होती. मी श्वाससुद्धा हळू घेत होते. मग उडाली, कुंपणापर्यंत दिसली.

आईपेक्षा खूपच लहान होती, निम्म्याने तरी. आजारी असेल का?

---

सूक्ष्मदर्शी | २३ जुलै, सकाळी ८.५५

आजारी नाही, नर असणार. नर लहानच असतात आणि त्यांना नांगी नसते.

---

अळीमिळी | २३ जुलै, सकाळी ९.३०

आणि झुरळ?

---

कातरवेळ | २३ जुलै, सकाळी १०.०५

टॉर्च लावून बघितलं. आहे आत. पाय, पंख, सगळं जागच्या जागी, फक्त पोटाला भोक आहे आणि मिशा अर्ध्या.